घरचं आंबवलेलं पिऊन पोट डब्ब, त्यावर पुन्हा आंबवलेलंच घ्यायचं का?

बाटलीबहाद्दर

मंडळी, प्रश्न जरा लाजिरवाणा आहे, पण इथे तोंड दिसत नाही म्हणून विचारून टाकतो.

मी मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता मनीषनगरला. मधली सहा वर्षं मिनियापोलिसला काढली आणि तिथे घरी बीअर करायचा नाद लागला. तिकडे हा छंद उघडपणे करता येतो. १९७८ साली तसा कायदा झाला, दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा. आम्ही विसाच्या वर कधी गेलो नाही. नागपूरला परतल्यावर बीअर बंद केली, पण हात शिवशिवतात. म्हणून फेब्रुवारीपासून आल्याचं 'विरजण' लावून सोडा करून राहिलो: किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज थोडं खाऊ घालायचं, पाच-सहा दिवसांत फसफसायला लागतं. मृग बहाराची संत्री होती तोवर संत्र्याचा केला, आता लिंबाचा. सोबत कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, तोही आहे.

त्रास असा. दोन ग्लास सोडा प्यायला की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं. ढेकरा थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दोनदा पळावं लागतं. अमेरिकेत घरच्या गव्हाच्या बीअरनेही हेच व्हायचं, दुकानातल्या बीअरने मात्र नाही.

सध्या उपाय म्हणून सकाळी उपाशीपोटी कोम्बुचा, दुपारी गाजर-बिटाची आंबवलेली कांजी, जेवणावर ताक, रात्री प्रोबायोटिक कॅप्सूल घेतो. फरक शून्य, उलट वाढलंच. कोणतं प्रोबायोटिक घ्यावं? कांजी वाढवू का?

ताकपिठी

अहो, एवढं सगळं एकाच पोटात? मला तर वाचूनच ढेकर आली.

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, एक विचारू का? सोडा कायच्यावर पिता? खरं सांगजा. आमच्या इकडे एक गडी हाये, शनिवारी सावजी मटन रस्सा वरपते, वर बीअर, मंग रविवारी म्हणते बीअर बाधली बाप्पा. त्या रश्श्यावरच्या तेलाले कोणी काही म्हणत नाही.

बाटलीबहाद्दर

ठेचाभाऊ, पकडलं. शनिवार म्हणजे सावजीच. पण मंगळवारी वरण-भातावर प्यायलो तरी फुगलं, म्हणून विचारलं.

गाळणी

मी सध्या आयर्लंडमध्ये आहे आणि दहा-बारा वर्षं घरी बीअर करतोय. तुमचा प्रश्न 'कोणतं प्रोबायोटिक' हा नाहीच, असं माझं मत. आधी बाटलीत काय आहे ते बघू.

एक, वायू. घरी बाटलीत साखर घालून फसफसवलेल्या पेयात साधारण त्याच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणजे ३३० मिलीच्या एका बाटलीत आठशे मिलीच्या आसपास वायू. गव्हाच्या बीअरला तर लोक मुद्दाम याहून जास्त फसफस ठेवतात. तुम्ही दोन ग्लास घटाघट प्यालात तर एक-सव्वा लिटर वायू पोटात नेऊन ठेवलात. काही ढेकरेने निघेल, काही आधीच ग्लासात उडून गेला असेल, पण पहिल्या तासातल्या नगाऱ्याला यापेक्षा गूढ कारण शोधायची गरज नाही.

दोन, अर्धवट आंबलेली साखर. हे माझ्या मते तुमच्या सोड्याचं मुख्य दुखणं. यीस्ट साखरेचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि मग ग्लुकोज आधी फस्त करतं. फ्रुक्टोज मागे राहतं. दोन दिवसांत उघडलेल्या बाटलीत त्यामुळे फ्रुक्टोजचं पारडं जड असतं, आणि ग्लुकोजची सोबत नसलेलं फ्रुक्टोज बऱ्याच जणांच्या लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही. ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, आणि सकाळी दोनदा पळापळ. साखर किती घालता?

तीन, गाळ. बाटलीच्या तळाचा तो पांढरा थर म्हणजे जिवंत यीस्ट. दुकानातली साधी बीअर बहुतेक गाळलेली, वर पाश्चरायझेशन केलेली असते. हा फरक तुम्हीच सांगितलात. तुम्ही गाळासकट पिता का?

बाटलीबहाद्दर

दीड लिटर पाण्याला १५० ग्रॅम साखर. दोन दिवस बाहेर, मग लगेच फ्रिजमध्ये, संध्याकाळी फडशा. आणि हो, बाटली हलवून पितो, गाळासकट. गाळात बी जीवनसत्त्वं असतात ना?

गाळणी

असतात. पण यीस्टची गोळी खाणं वेगळं आणि जिवंत, उपाशी यीस्ट साखरेसकट ३७ अंशाच्या उबदार पोटात सोडणं वेगळं. ३७ अंश त्याला मानवतात हो! जठरातल्या आम्लात बरंचसं मरतं, सगळं नाही.

कोम्बुचावाली

थोडा विरोध नोंदवते. गाळातलं यीस्ट सरसकट वाईट कसं? यीस्ट स्वतःच प्रोबायोटिक असू शकतं. मला कोम्बुचाने ॲसिडिटीत खूप आराम पडला. तुम्ही लोक आंबवलेल्या पदार्थांना उगाच घाबरवता.

गोळीवाली ताई

फार्मसिस्ट आहे, धंतोलीत काउंटरवर उभं राहून बोलते आहे असं समजा.

कोम्बुचावाली म्हणते ते अर्धं बरोबर. सॅकॅरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट आहे, १९२० च्या दशकात आँरी बुलार या फ्रेंच माणसाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते वेगळं केलं. अँटिबायोटिकमुळे जुलाब होतात तेव्हा ते देतात, कारण अँटिबायोटिकने जिवाणू मरतात, यीस्ट मरत नाही. पण ती ठरावीक जात, ठरावीक मात्रा, ठरावीक कारण. बाटलीच्या तळाशी बसलेलं ते हेच, असं गृहीत धरता येत नाही. आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या किंवा गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला हे यीस्ट देत नाहीत, रक्तात संसर्गाची भीती असते. 'नैसर्गिक आहे, चालेल' म्हणत आजारी आजोबांना ग्लास पुढे करू नका.

प्रोबायोटिकची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांनी (एफएओ, डब्ल्यूएचओ) २००१ मध्ये केली: पुरेशा संख्येने घेतल्यावर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. 'पुरेशा' आणि 'फायदा' हे दोन शब्द सगळे गिळून टाकतात. आंबवलेलं म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. इडली, ढोकळा आंबवलेले, पण वाफवल्यावर त्यात जिवंत काही उरत नाही. कढी उकळली की तेच.

आता बाटलीबहाद्दर, कॅप्सूलच्या पट्टीवर घटक काय लिहिलेत ते टाका. कंपनीचं नाव नको.

आणि एक. पोट बिघडलं म्हणून कोणी मेट्रोनिडॅझॉल हे अँटिबायोटिक सुरू केलं असेल तर तेवढे दिवस आणि त्यानंतर दोन-तीन दिवस दारू टाळायला सांगतात. घरच्या सोड्यात आणि कोम्बुचात थोडा अल्कोहोल असतोच, तो 'दारू' म्हणून कोणी मोजत नाही. मोजा.

सिव्हिल लाइन्स

अल्कोहोल निघालाच आहे तर. दीड लिटरला १५० ग्रॅम म्हणजे लिटरला १०० ग्रॅम साखर. सगळी आंबली तर पाच-सहा टक्क्यांपर्यंत मजल जाते. लिटरमागे १७ ग्रॅम साखर म्हणजे साधारण १ टक्का, असा ढोबळ हिशेब आहे. नागपूरचा मे महिना, कूलर लावूनही घरात बत्तीस-तेहतीस अंश. बाटली माळ्यावर विसरलात तर ती लिंबू सोडा राहत नाही, आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. 'आपोआप झाली साहेब' चालणार नाही. घरात मुलं पितात का हा सोडा?

काचेची बाटली असेल तर फुटेल ते निराळंच.

बाटलीबहाद्दर

मुलगी नऊ वर्षांची आहे. अर्धा कप द्यायचो. आजपासून बंद. खरं सांगतो, हा विचारच केला नव्हता.

पट्टीवर लिहिलंय: लॅक्टोबॅसिलसच्या तीन जाती, बायफिडोबॅक्टेरियमच्या दोन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड १०० मिग्रॅ.

गोळीवाली ताई

१०० मिलीग्रॅम तसं नगण्य. पण हे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड म्हणजे प्रीबायोटिक, जिवाणूंचा खाऊ, आणि हा खाऊ गॅस करतोच. पुड्यांमध्ये, पावडरींमध्ये ते ग्रॅमनी असतं. आणखी काही पावडर घेत नाही ना?

बाटलीबहाद्दर

ताई, तुम्ही काउंटरवर नाही, सीआयडीत असायला हवं. मेव्हण्याने चिकोरीचं इन्युलिन आणून दिलं होतं, 'आतड्याला चांगलं' म्हणून. सकाळच्या कोम्बुचात दोन मोठे चमचे. गेला दीड महिना. औषध नाही म्हणून इथे लिहिलंच नव्हतं.

गोळीवाली ताई

😶

त्यातलंच घराणं आहे ते. कांदा, लसूण, गहू यांतही तेच फ्रुक्टॅन असतं. दोन मोठे चमचे म्हणजे सहज दहा-बारा ग्रॅम! न सवयीच्या पोटाला एवढ्याने बँड वाजतो. सुरुवात पाव चमच्याने करतात. तुम्ही तर वरून जिवंत यीस्ट आणि फ्रुक्टोज. उद्यापासून बंद. कॅप्सूलही बंद करा. नुसत्या गॅसला कॅप्सूलचा पुरावा तसा कच्चाच आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी (आतड्याच्या वारंवार कुरकुरीच्या विकारासाठी) प्रोबायोटिक सरसकट सुचवायचं नाही, असंच म्हटलं.

कोम्बुचावाली

मग २०२१ चा स्टॅनफर्डचा अभ्यास? दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाल्लेल्यांच्या आतड्यात सूक्ष्मजीवांची विविधता वाढली, दाह दाखवणारी प्रथिनं कमी झाली.

गोळीवाली ताई

वाचलाय, चांगला आहे. पण ती १८ निरोगी माणसं होती, आणि त्यांनी मात्रा हळूहळू चढवत नेली. त्यात पोट फुगणाऱ्याचं पोट बसलं असं सिद्ध झालेलं नाही. तुझ्या ॲसिडिटीला कोम्बुचाने आराम पडला असेल तर छान, पण त्याचा पीएच तीनच्या आसपास असतो, म्हणजे तो चांगलाच आम्ल असतो. उपाशीपोटी सगळ्यांना सांगू नकोस.

ताकपिठी

आता जरा आमचंही ऐका. तुम्ही सगळे जिवाणू-जिवाणू करताय, पण आमच्याकडे आंबवणं उन्हाळ्यातच का व्हायचं आणि किती प्यायचं, याचा काहीतरी हिशेब होता.

कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो की शेजारचे विचारतात, "काय, कुरडया घालून राहिल्या का?" मग वाटून, गाळून चीक बसू द्यायचा, वरचं आंबट पाणी ओतून टाकायचं. ते पाणी कोणी पीत नव्हतं! तुमच्या गाळाची गोष्ट वाचून मला हेच आठवलं. इथे चीक ठेवतात, पाणी टाकतात. तुमच्या बाटलीत उलट करा, पाणी ठेवा, गाळ टाका.

दुसरी आंबील. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी शिजवायचं. आता शिजवल्यावर त्यातले जिवाणू मेले, मान्य. पण आई निवल्यावर वरून पुन्हा ताजं ताक घालायची, जिरं, थोडा हिंग, मीठ. उन्हातून आलेल्या माणसाला वाटीभर. दोन लिटर नव्हे. गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात बोरे-बासी खातात, रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर. तीही सकाळीच संपवायची. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, ती दुपारपर्यंत ठेवली तर पोटाचं काय होईल ते माझ्या सासूबाईंना विचारा, एकदाच झालं होतं आणि घरादाराला पुरलं.

ताक मात्र पातळ हवं. विरजण ताजं, पाणी भरपूर, चिमूटभर पादेलोण. मीठ जपून, रक्तदाबवाल्यांनी तर फारच. दुधाने ज्यांना गॅस होतो, त्यांना दही-ताक सोसतं हे तर आम्हाला कोणी शास्त्रज्ञ न येताच माहीत होतं.

गोळीवाली ताई

काकू, शास्त्रज्ञांनी आता शिक्कामोर्तब केलंय. दह्यातले जिवंत जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केला. आंबवलेल्या पदार्थांबद्दलचे बाकी बहुतेक दावे त्यांच्याकडे टिकले नाहीत.

वऱ्हाडी ठेचा

पादेलोण नावातच सगळं आलं. त्याले अभ्यास कायले पायजे?

गाळणी

काकूंचा 'गाळ टाका' नियम सुवर्णाक्षरांत लिहावा. बाटलीबहाद्दर, मी करतो ते सांगतो, जमलं तर बघा.

साखर निम्मी करा, लिटरला ५० ग्रॅम. नागपूरच्या उन्हात यीस्ट घोड्यावर बसलेलं असतं, त्यामुळे एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, आपल्याकडे मे महिन्यात हे एका दिवसातही होईल. मग फ्रिजमध्ये किमान दोन दिवस हलवू नका. थंडीत यीस्ट सुस्तावून तळाशी बसतं. ओतताना शेवटचा इंचभर बाटलीतच राहू द्या. ग्लासात ओतून पाच मिनिटं थांबा, थोडा वायू उडू द्या. थेट बाटलीला तोंड लावायचं नाही.

संत्र्याचा परत करणार असाल तर बिया आणि पांढऱ्या शिरा काढून रस घ्या. नाहीतर रस ठेवल्यावर कडू होतो, त्यात पोटाचा दोष नाही, लिमोनिनचा आहे.

गव्हाच्या बीअरबद्दल: पोळी, कांदा खाऊन त्रास होतो का? होत नसेल तर गव्हापेक्षा मला गाळ आणि जास्तीच्या फसफशीचाच संशय. शिवाय बीअर, वाइन यांसारखी नुसती आंबवलेली, न गाळलेली पेयं जठरातलं आम्ल वाढवतात. 'न गाळलेली' म्हणजे इथे भट्टीत ऊर्ध्वपातन न केलेली, नाहीतर पुन्हा गाळाशी घोळ होईल.

सिव्हिल लाइन्स

आणि हे कोणी म्हटलं नाही म्हणून: शौचात रक्त, काळा मळ, ताप, वजन उतरणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, यातलं काहीही असेल तर धागा बंद, डॉक्टर सुरू.

बाटलीबहाद्दर

यातलं काही नाही. पोळी-कांदा व्यवस्थित पचतो. ठरलं: आठ दिवस सगळं बंद, फक्त जेवणावर काकूंचं पातळ ताक. मग एकेक सुरू करतो.

कोम्बुचावाली

कोम्बुचा सर्वांत शेवटी का असेना, पण द्या एक संधी 🙂

बाटलीबहाद्दर (तीन आठवड्यांनी)

हिशेब देतो.

पहिले चार दिवस पोट तसंच. पाचव्या दिवशी शांत. सकाळची पळापळ तर इन्युलिन बंद केल्याच्या तिसऱ्या दिवसापासूनच थांबली. मेव्हण्याला डबा परत दिला, तो म्हणाला, "मलाही होत होतं बे, मी बोललो नाही."

दुसऱ्या आठवड्यात गाळणींच्या कृतीने सोडा केला. निम्मी साखर, प्लास्टिकची बाटली अठरा तासांत दगड. दोन दिवस फ्रिज, वरचं वर ओतलं. रंग इतका स्वच्छ की बायकोला वाटलं विकत आणला. एक ग्लास जेवणानंतर, हळू: एक ढेकर, बस्स. तिसऱ्या दिवशी प्रयोग म्हणून मुद्दाम गाळ हलवून एक ग्लास घेतला. फुगलं, पण आधीच्या निम्म्याने. म्हणजे गाळ दोषी आहे, एकटा नाही.

कांजी अर्धी वाटी चालली. कोम्बुचा जेवणानंतर अर्धा कप चालला, उपाशीपोटी घेतला त्या दिवशी घशापर्यंत आंबट. माफ करा, कोम्बुचावाली. कॅप्सूल परत सुरूच केली नाही.

शनिवारी सावजी आणि दोन ग्लास सोडा. नगारा.

वऱ्हाडी ठेचा

म्या सांगतलं होतं.

ताकपिठी

मुलीला काय देताय आता?

बाटलीबहाद्दर

पन्हं. तिने काल विचारलं, "बाबा, यात बुडबुडे का नाहीत?" म्हटलं, आजीला विचार.